लोकेशन मागू नका, मिळणार नाही

काल रात्री आमच्या ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराचा, एक फोटो टाकला. मागे सातपुडा, पुढे चूल, बस. सकाळी बघतो तर इनबॉक्स भरलेला. "भो, हाई जागा कोठे शे?" "लोकेशन धाड ना भाऊ." एकाने तर लिहिलंय, "रीलसाठी पाहिजे, अर्जंट." अर्जंट! डोंगर काय पळून चाललाय?

नाही देणार. राग येणार असेल तर येऊ द्या.

सातपुड्यातल्या तोरणमाळचं काय झालंय ते बघताय ना? शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत, घाटात इंजिनाचा जीव काढत वर जायचं, आणि यशवंत तलावाच्या काठावर ऐकायचं काय, तर लग्नाच्या वरातीत वाजतं तेच. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. जाऊन सांगितलं की उत्तर ठरलेलं: "काका, एन्जॉय करा ना!" अरे, तेच तर करायला आलो होतो.

मान्य, पोरं आठवडाभर राबतात, एक रविवार मिळतो. जा की मग. पण सगळ्या डोंगराने तुमची गाणी का ऐकायची?

फोटोतली जागा मला कुठल्या मॅपवर सापडली नाही. मार्च होता, ऊन कलत होतं. वाटेत एक मोहाचं झाड दिसलं, खाली मोकळी जागा, जमीन सपाट, पालापाचोळा झाडून साफ केलेला. बायको म्हणाली, इथेच लावू. तेवढ्यात पाड्यावरच्या एक पावरा आदिवासी आजी आल्या. हातात टोपली. त्यांची बोली आम्हाला अर्धीमुर्धीच कळली, पण मुद्दा कळला: झाडाखाली गाडी नको, पहाटे फुलं पडतात, ती वेचायची आहेत. आणि मग स्वतः चालत पुढे जाऊन शेताच्या वरच्या बांधाजवळची जागा दाखवली. खालच्या नाल्याकडे बोट करून नको नको म्हणून हात हलवला. वर कुठे पाऊस झाला तर नाल्याला पाणी कधी येईल सांगता येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आता मला सांगा, हे कुठल्या पिनवर येणार? पिन टाकली की पुढच्या रविवारी पाच गाड्या बरोबर त्या मोहाखाली उभ्या राहणार. सपाट जागा आहे ना! मग आजींनी फुलं काय टायरखालून वेचायची?

सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच केलं. पण वर धडगावकडच्या अरुंद रस्त्यावर ट्रेलर वळवायचा कुठे, हे धोरणात बघून कळत नाही, माणसाला विचारावं लागतं. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटं फिरवायचं असतं. केळीची ट्रॉली ओढणाऱ्या आपल्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा, तो हसत हसत घेऊन दाखवेल. आपण मात्र आधी उतरून, पायी पुढे जाऊन बघायचं, वळायला जागा आहे का. मग चाकांना दगड लावायचे, मगच हूक काढायचा. एवढं केलं तरी अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे "इथे राहू का?" असं विचारणं. तेच कुणाला नको असतं.

यावल अभयारण्यातल्या पाल गावाकडे जाणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो. हे अभयारण्य १९६९ पासूनचं आहे, जवळजवळ १७७ चौरस किलोमीटर. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय मुक्काम नाही म्हणजे नाही. "आम्ही गाडीतच झोपतो" हे कारण अस्वलाला सांगा.

जरा जास्तच चिडलोय बहुतेक. ज्यांनी साधं "छान फोटो" लिहिलं त्यांच्यावर राग नाही. खरं तर त्या आजींना पहाटे फुलं वेचताना पाहिल्यापासूनच माझं असं झालंय. बायकोही त्यांच्यासोबत खाली बसली, थोडा वेळ वेचू लागली, आणि ती पिवळट, रसाळ फुलं किती पटकन दबतात ते तिला बोटांनीच कळलं. आजींनी तिच्या हातातली चिरडलेली दोन बाजूला टाकली, काही बोलल्या नाहीत.

तर रीलवाल्याला ब्लॉक केलंय. बाकीच्यांनी रविवारी घरी या. हूक कुठे बसवून घेतला, ट्रेलरला खर्च किती आला, सगळं सांगतो, शेवभाजीही खाऊ घालतो. जागा सोडून काहीही विचारा.