मत्ती म्हणा की ऐन म्हणा

कॅनडाचं चित्र कुठलं असं विचारलं, की 'द जॅक पाइन'चं नाव हमखास निघतं. टॉम थॉमसनने ते १९१६-१७ मध्ये रंगवलं. तळ्याकाठचा खडक, त्यावर वाऱ्याने वाकवलेलं एक पाइनचं झाड, पलीकडे डोंगर आणि मावळतीचं आकाश. माणूस नाही, झेंडा तर नाहीच. तरी एका देशाने ते आपलं तोंड म्हणून स्वीकारलं.

आपल्याकडे १९०५ मध्ये चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी देश रंगवला तो चार हातांच्या बाईच्या, 'भारतमाते'च्या रूपात. झाडावर तो भार कुणी टाकला नाही.

आता झाडाचा देश कसा झाला ते बघा. थॉमसन जुलै १९१७ मध्ये अल्गॉन्क्विन उद्यानातल्या कॅनू लेकमध्ये मरण पावला. १९१८ मध्ये ओटावाच्या नॅशनल गॅलरीने चित्र विकत घेतलं. १९२० मध्ये त्याच्या चित्रकार मित्रांनी 'ग्रुप ऑफ सेव्हन' हा गट काढला. १९६७ मध्ये, देशाच्या शताब्दीला, हे चित्र दहा सेंटच्या टपाल तिकिटावर आलं. (त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावच्या सीमावादावरचा महाजन अहवाल आला. असो.) म्हणजे एकट्या ब्रशचं हे काम नव्हे. खरेदी, छपाई, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहणं, हे सगळं त्यात आहे.

आणि काय गाळलं, हेही. ते रान लाकूड कंपन्यांनी बरंच तोडलेलं होतं, मूळ रहिवासी तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. थॉमसनने स्वतः १९१६ मध्ये तिथे वणवा-राखणदाराची नोकरी केली. चित्रात यातलं काही नाही. निर्जन रान दाखवलं, की 'ही भूमी रिकामीच होती' असं म्हणायला सोपं जातं. माझा आक्षेप इथे आहे.

ते टाळून आपलं झाड रंगवायचं तर बेळगावजवळ खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे बसा आणि ऐनाचं झाड रंगवा. कन्नडमध्ये हीच मत्ती. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी खवल्यांची. शेताजवळच्या झाडाच्या फांद्या राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) कोयत्याने छाटलेल्या असतात, म्हणून खोड उंच सरळ, जागोजागी गाठी, आणि त्या गाठींतून फुटलेले पालवीचे झुबके. पाइनला वाऱ्याने आकार दिला, ऐनाला भातशेतीने. ती छाटणी 'विद्रूप' म्हणून सुधारून गोल डेरेदार झाड काढलं, की शेतकरी चित्रातून गेला. थॉमसनच्या चित्रात झालं तेच पुन्हा झालं.

आधी ८ × १० इंचाच्या पाटीवर जागेवरच अभ्यासचित्र करा. थॉमसननेही आधी साधारण २१ × २७ सेंमीची लाकडी पाटी रंगवली, मग तिच्यावरून १२८ × १४० सेंमीचा कॅनव्हास. तुम्ही मोठं करताना २४ × ३० घ्या, प्रमाण तेच राहतं. १८ × २४ घेतलात तर एक बाजू वाढते आणि झाड ताणल्यासारखं किंवा दबल्यासारखं होतं.

थॉमसनच्या झाडाच्या फटींतून खालचा लाल रंग डोकावतो. आपल्याला तो उसना आणायला नको, पायाखाली लाल जांभा आहे. बर्न्ट सिएनात (विटकरी तपकिरी) थोडा यलो ओकर (मातकट पिवळा), टर्पेंटाइनने चहाइतका पातळ, सगळ्या कॅनव्हासवर फिरवून चिंधीने पुसायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. ओल्यावर हिरवा चढवलात तर दोन्ही मिसळून शेणकट होतात. वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. खाली तेलकट आणि वर पातळ झालं, की काही वर्षांत भेगा.

हिरवा ट्यूबमधून थेट लावू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि ओकर मिसळा, सावलीत सिएनाचा ठिपका. उजळ करायला पांढरा ओतला की पान खडूसारखं दिसतं. त्याऐवजी पिवळा वाढवा. पानांतून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा एक छटा गडदच हवं. लहान भोकातून उजेड कमी येतो. तेवढं चुकलं तर झाडावर कागदाचे तुकडे चिकटवल्यासारखे दिसतात, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. मोबाइलचा फोटो समोर ठेवून काम केलं तर सावल्या सरळ काळ्या येतात.

चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि त्यांचे विद्यार्थी रवी परांजपे यांच्या बेळगावात निसर्गचित्र म्हणून नारळ, झोपडी आणि दोन त्रिकोणी डोंगर खपावेत, हे जरा जड जातं. वड राष्ट्रीय, आंबा महाराष्ट्राचा, चंदन कर्नाटकाचं. ऐनाला यातलं कुठलंच पद नाही, म्हणून तर तो मोकळा आहे.

काम उन्हाळ्यात करा, तेव्हा पानं गळून छाटणीच्या गाठी उघड्या दिसतात. पावसाळ्यात तेलरंग आठवडा-आठवडा वाळत नाही, कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. मागे तारीख आणि शिवाराचं नाव लिहून ठेवा, झाडाची दोन्ही नावंही.