आउतोविया, बेर्मा, रांपा : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

रस्त्यांविषयीच्या स्पॅनिश मजकुराचा इंग्रजी अनुवाद कसा करावा, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आउतोपिस्ता म्हणजे मोटरवे आणि आउतोविया म्हणजे ड्युअल कॅरिजवे, हे शब्दकोशातच दिलेलं आहे, त्यावर एवढा काथ्याकूट कशाला? ब्रिटिश-अमेरिकी फरक वाचणारा आपोआप समजून घेतो. आणि तांत्रिक शब्दांची यादी एकदा अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली की काम संपलं, नवख्यांना उगाच घाबरवू नये. शेवटी ‘एका शब्दाला एक शब्द’ असा तक्ता तुम्ही मागितला आहे आणि पर्यटन पत्रकात काय लिहावं, असंही विचारलं आहे.

सुरुवात तुमच्याच उदाहरणापासून करतो. स्पेनच्या 2015 च्या रस्ते कायद्यात रस्त्यांचे चार प्रकार आहेत: आउतोपिस्ता, आउतोविया, मुल्तीकारील आणि कोन्वेन्सिओनाल, म्हणजे साधा रस्ता. पहिल्या दोन्हींत जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे असतात आणि दुसरा कोणताही रस्ता किंवा रेल्वे त्यांना त्याच पातळीवर छेदत नाही. कारसाठी वेगमर्यादाही दोन्हीकडे सारखीच, ताशी 120 किलोमीटर. आउतोपिस्ता केवळ मोटार वाहनांसाठी असते आणि शेजारच्या जमिनीतून तिच्यावर थेट येता येत नाही. आउतोवियावर असा प्रवेश मर्यादित प्रमाणात चालतो.

आता ब्रिटनचा ड्युअल कॅरिजवे पाहा. त्या शब्दात ‘मध्ये दुभाजक आहे’ एवढाच अर्थ आहे. वाटेत गोल चौक येऊ शकतो, दुभाजकात वळायला फट असू शकते. म्हणजे आउतोवियावर जे होऊच शकत नाही, ते होईल असं तुम्ही वाचणाऱ्याला सांगता. त्याहून अडचणीची गोष्ट पुढे येते. कायद्यातला तिसरा प्रकार, मुल्तीकारील, म्हणजे पहिल्या दोन्हींत न बसणारा, पण प्रत्येक दिशेला किमान दोन मार्गिका असलेला आणि समपातळीवरचे छेद चालणारा रस्ता. हाच खरा ड्युअल कॅरिजवे. तो शब्द तुम्ही आउतोवियावर खर्च केलात, तर एकाच दस्तऐवजात मुल्तीकारील आल्यावर हातात काय उरतं?

मग आउतोवियाला सरळ मोटरवे म्हणावं का? बातमीत, प्रवासवर्णनात चालेल. नियमांच्या मजकुरात नाही. स्पेनच्या वाहतूक नियमावलीनुसार 14 वर्षांवरचा सायकलस्वार आउतोवियाच्या कडेच्या पट्टीवरून जाऊ शकतो, फलक लावून मनाई केलेली नसेल तर. आउतोपिस्तावर सायकलला मज्जाव आहे. ब्रिटिश वाचकासाठी मोटरवे म्हणजे सायकल बंद. म्हणून कायदा, विमा, अपघात अहवाल अशा मजकुरात आउतोविया हा शब्द तसाच ठेवायचा, पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा द्यायचा आणि पुढे तोच शब्द चालवायचा. वाचकाला एवढं झेपतं.

आणि हे फक्त स्पेनपुरतं. अर्जेंटिनात ब्युनोस आयरेसहून मार देल प्लाताला जाणाऱ्या ‘आउतोविया 2’ या रस्त्यावर समपातळीवरचे छेद आहेत, तिथे तुमचा ड्युअल कॅरिजवे अगदी बरोबर बसतो. शब्द तोच, देश बदलला की उत्तर बदलतं.

टोलचंही असंच. रस्त्याच्या क्रमांकाआधी ‘एपी’ दिसलं की अनेकजण डोळे मिटून टोल मोटरवे लिहितात, कारण ती अक्षरं मुळात टोलवाल्या आउतोपिस्तासाठीच आहेत. एपी-7 च्या तारागोना ते ला होंकेरा या भागातला टोल 1 सप्टेंबर 2021 ला बंद झाला, क्रमांक मात्र तोच राहिला. त्याच एपी-7 च्या इतर काही तुकड्यांवर टोल अजून आहे. त्यामुळे मजकूर कोणत्या तारखेचा आणि कोणत्या भागाचा आहे, हे पाहिल्याशिवाय ‘टोल’ हा शब्द लिहू नये.

आता यादी आणि सॉफ्टवेअर. खरी गोम इथे आहे. ‘बेर्मा’ घ्या. चिली, पेरू, कोलंबियात बेर्मा म्हणजे वाहतुकीच्या मार्गालगतची पट्टी, इंग्रजीत शोल्डर. स्पेनमध्ये त्या पट्टीला आर्थेन म्हणतात, आणि बेर्मा ही आर्थेनच्याही बाहेरची, गटार किंवा उतार सुरू होण्याआधीची, वाहतुकीसाठी नसलेली पट्टी, म्हणजे इंग्रजी व्हर्ज. चिलीच्या कामातून भरलेली यादी स्पेनच्या आराखड्यावर चालवली तर आर्थेनही शोल्डर आणि बेर्माही शोल्डर. समजा छेदचित्रात, म्हणजे रस्ता आडवा कापून दाखवणाऱ्या चित्रात, आर्थेन अडीच मीटर आणि बेर्मा एक मीटर आहे. इंग्रजी वाचणारा साडेतीन मीटरचा शोल्डर धरतो आणि दर किलोमीटरला, एकाच बाजूला, हजार चौरस मीटर डांबरीकरण जास्त मोजतो. सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, कारण यादीप्रमाणे सगळं बरोबरच असतं. मेक्सिकोत शोल्डरच्या पट्टीला आकोतामिएन्तो आणि अर्जेंटिनात बांकिना म्हणतात. त्यांचा त्रास कमी, कारण ते शब्द दुसऱ्या कशाशी गल्लत करत नाहीत. ब्रिटिश इंग्रजीत जाताना आणखी एक पथ्य: हार्ड शोल्डर म्हणजे मुख्यतः मोटरवेवरची, आणीबाणीत थांबायची पट्टी. साध्या रस्त्याच्या दीड मीटरच्या आर्थेनला तो शब्द लावू नये.

‘रांपा’ तर हमखास फसवतो. स्पॅनिश आराखड्यात रांपा म्हणजे प्रवासाच्या दिशेने चढ आणि पेंदिएन्ते म्हणजे उतार. अमेरिकी इंग्रजीत रॅम्प म्हणजे एका महामार्गावरून दुसऱ्यावर नेणारा जोडरस्ता, ज्याला ब्रिटिश स्लिप रोड म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये रामाल म्हणतात. 6 टक्क्यांच्या रांपावर अवजड वाहनांसाठी जादा मार्गिका द्या, या वाक्यातला रांपा जर रॅम्प झाला, तर ती मार्गिका डोंगराच्या चढावरून थेट इंटरचेंजमध्ये जाऊन बसते. इथे चढ म्हणजे अपग्रेड आणि ती मार्गिका म्हणजे क्लाइंबिंग लेन.

काही शब्दांत शब्दकोशातला पहिला अर्थच घात करतो. बोंबेओ म्हणजे पंपिंग नव्हे, सरळ रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला आडवा उतार, साधारण 2 टक्के. ब्रिटिश त्याला क्रॉसफॉल म्हणतात, आपल्याकडचे अभियंते कॅम्बर. वळणावर तोच उतार एका बाजूला दिला की पेराल्ते, इंग्रजीत सुपरएलिव्हेशन. पण हिशेब इतका सरळ नाही: काँक्रीट रस्त्याच्या सांध्यातून पाण्याबरोबर बारीक माती बाहेर फेकली जाते, त्यालाही बोंबेओच म्हणतात आणि तिथे पंपिंग हाच शब्द योग्य. प्रकरण भूमितीचं आहे की दुरुस्तीचं, त्यावर ठरवायचं. एस्प्लानादा म्हणजे समुद्रकाठची फिरायची जागा नव्हे, ज्यावर रस्त्याचे थर बसतात ती तयार केलेली जमीन.

आकुएर्दो वेर्तिकाल हा करार नाही, दोन चढउतारांना जोडणारा उभा वक्र आहे. त्याचा आकडा बारकाईने बघा, कारण शब्द बरोबर आणि आकडा चूक हे सर्वांत वाईट. स्पॅनिश पद्धतीत या वक्राचा केव्ही, म्हणजे वक्र किती सपाट आहे हे सांगणारा आकडा, मीटरमध्ये असतो आणि चढाचा फरक दशांशात धरतात. अमेरिकी पद्धतीत के म्हणजे चढातल्या दर एक टक्का फरकाला किती लांबी. म्हणून केव्ही भागिले 100 बरोबर के. 2 टक्के चढ संपून 1 टक्का उतार लागत असेल, तर एकूण फरक 3 टक्के. केव्ही 15,000 असेल तर लांबी 15,000 गुणिले 0.03, म्हणजे 450 मीटर. के 150 धरलं तरी 150 गुणिले 3, तेवढेच 450. अनुवादकाने मात्र स्वतः भागाकार करू नये. केव्ही तसाच ठेवावा आणि एकक व व्याख्या टीपेत द्यावी. शिवाय स्पॅनिश मजकुरात हा आकडा 15 नंतर टिंब देऊन तीन शून्यं असा छापलेला असतो. टिंब तसंच राहिलं तर इंग्रजीत त्याचे पंधरा मीटर होतात.

किलोमीटर बिंदूचंही तेच. ‘12+300’ म्हणजे बारा किलोमीटर तीनशे मीटर. ब्रिटन आणि भारतात हे चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, म्हणून नीट वाचलं जातं. अमेरिकेत अधिकचं चिन्ह शंभर फुटांच्या टप्प्यासाठी (स्टेशन) वापरतात, त्यामुळे तिथल्या वाचकासाठी किलोमीटर हा शब्द सोबत लिहाच.

यावरून ब्रिटिश-अमेरिकी मुद्द्याचं उत्तर बरंचसं आलं. एक शब्द तेवढा बाकी आहे: पेव्हमेंट. ब्रिटनच्या सामान्य वाचकासाठी तो पदपथ, अभियंत्यासाठी रस्त्याच्या थरांची रचना, म्हणजे स्पॅनिश फिर्मे. नगरपालिकेच्या सूचनेत आणि निविदेत तो एकाच अर्थाने वापरता येत नाही. आणि आपल्यासाठी तिसरी इंग्रजीही आहे. मूळ स्पॅनिश फेरोव्हियाल समूहातल्या सिंत्राने 2021 मध्ये मुंबईच्या आयआरबी या रस्तेबांधणी कंपनीत सुमारे पाव हिस्सा घेतला, तेव्हा असा मजकूर भारतीय अभियंत्याच्या टेबलावर येणं अशक्य नाही. तरीही थाओर्रा आर्तिफिसिआल दिसली की आपल्याकडचं ‘वेट मिक्स मॅकॅडम’ लिहून मोकळं होऊ नये. दोन्ही खडीचेच थर, पण ते दोन वेगळ्या मानकांतले आहेत. ‘क्रश्ड ग्रॅन्युलर बेस’सारखं वर्णन द्यावं आणि स्पॅनिश नाव सोबत ठेवावं.

तक्ता देतो, पण एका शब्दाला एक शब्द असा नाही. माझ्या तक्त्यात पहिला रकाना देशाचा असेल, दुसरा त्या शब्दाने दाखवलेल्या वस्तूच्या कामाचा, आणि ब्रिटिश, अमेरिकी, भारतीय हे त्यानंतर. काम सुरू करताना शब्दसूचीआधी नमुना छेदचित्र उघडा, प्रत्येक पट्टीची रुंदी आणि काम त्यावरून ठरवा, मगच शब्द निवडा. शेवटी बेर्मा, रांपा, बोंबेओ हे तीन शब्द पूर्ण मजकुरात एकेक करून शोधून तपासा.

तुम्ही विचारलेल्या पर्यटन पत्रकासाठी यातलं फारसं काही लागणार नाही. तिथे आउतोपिस्ता आणि आउतोविया दोन्हींना मोटरवे म्हणा आणि टोल कुठे आहे ते स्वतंत्र ओळीत लिहा. वेग कमी करणाऱ्या उंचवट्यांबद्दल लिहायचं असेल, तर स्पेनच्या फलकांवर रेसाल्तो म्हणजे उंचवटा आणि बादेन म्हणजे खोलगट भाग, एवढं मात्र पाहून घ्या, कारण बोलताना लोक उंचवट्यालाही बादेनच म्हणतात.