तो मुलगा बाहेर येणारच आहे

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आज सकाळी 15 वर्षांच्या एका मुलाचा फोटो फिरत होता. लहान मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात तो ताब्यात आहे म्हणे, आणि 'भर चौकात फाशी द्या' या वाक्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. अल्पवयीन आरोपीची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार गुन्हा आहे, हे या सुशिक्षित मंडळींना सांगण्याचाही मला कंटाळा आला.

सांगलीत आमच्या जुन्या गल्लीत पूर्वी असेच घडले होते. मुलगा नववीतला, मुलगी नात्यातलीच. त्याला निरीक्षणगृहात ठेवले, मग जामीन झाला आणि घरच्यांनी त्याला मामाच्या गावी धाडून दिले. मुलीची आई मला म्हणाली होती, "बाई, त्याला मारा असं मी म्हणत न्हाई, पण मामाच्या घरातबी पोरी हाईत की. त्यांच्याकडं कोण बघणार?"

फाशीवाल्यांकडे याचे उत्तर आहे का? वयाच्या 16 वर्षांच्या आतील मुलाला फार तर 3 वर्षे विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात, ठेवता येते आणि अल्पवयीनाला फाशी तर कायद्याने देताच येत नाही. म्हणजे तुम्ही कितीही दात-ओठ खाल्ले तरी तो विशीच्या आत आपल्याच गल्लीत परत येणार. कसा होऊन येणार, एवढेच आपल्या हाती आहे आणि त्यासाठी त्याच्यावर मानसोपचार व्हायला हवेत.

उपचार म्हणजे लाड नव्हेत. आपण काय केले हे मुलाला सबबी न सांगता बोलावे लागते, संमती म्हणजे काय हे शिकावे लागते, आणि मोबाइलवर काय पाहत होतो, आपल्यावर कधी कोणी हात टाकला होता का, हेही उघडे करावे लागते. अमेरिकेतील 'मल्टिसिस्टेमिक थेरपी' या उपचारपद्धतीत तर उपचारक घरी आणि शाळेतही जातात आणि लहान मुलांसोबत त्याला एकटे न सोडण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकतात. मामाच्या घरी यातले कोणी काही केले असते, तर त्या माउलीला माझ्यासारखीला विचारावे लागले नसते. अशी बहुतेक मुले पुन्हा लैंगिक गुन्हा करत नाहीत. काही जण खरोखरच धोकादायक असतात आणि त्यांना बंद ठेवावेच लागते, हे मान्य.

कलम 18 नुसार बाल न्याय मंडळ मुलाला उपचार केंद्रात जाण्याचा आदेश देऊ शकते. असा आदेश निघाला तर त्याला न्यायचे कोणाच्या दारात? मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव पदरात असताना हा प्रश्न पडावा, याचीच चीड येते. चौकांच्या सुशोभीकरणातील थोडा निधी जिल्हा नियोजन समितीने इकडे वळवावा आणि या कामात प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ नेमावेत. आधी सोय मुलीची व्हावी, मग मुलाची. आणि दोघे एकाच दिवशी, एकाच बाकावर येऊन बसणार नाहीत एवढे भान ठेवावे.