'जुना फिटर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: पत्रा, स्लाइड आणि अडीचशे डॉलरची ट्रॉली

जुना फिटर यांस,

स्वस्त टूल ट्रॉलीवरच्या, म्हणजे चाकं आणि ड्रॉवर असलेल्या हत्यारपेटीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून आधी थोडक्यात देतो. तुमचं म्हणणं असं: हार्बर फ्रेट या अमेरिकेतल्या स्वस्त हत्यारांच्या दुकानाच्या 'यूएस जनरल' पेट्यांचं कौतुक करून मी लोकांची दिशाभूल करतो. १८ गेजपेक्षा पातळ पत्रा म्हणजे पेटी नव्हे, खोकं (गेज हा पत्र्याच्या जाडीचा आकडा; आकडा मोठा तसा पत्रा पातळ). किमतीत मी टॅक्स धरला नाही. चायना माल दोन वर्षांत भंगारात जातो, स्नॅप-ऑनच्या महागड्या पेट्यांशी त्याची बरोबरी नाही. आणि शेवटी, "डॉलरमध्ये कमावून दात कोरून पोट भरणाऱ्यांनी कारागिरांना हत्यारं शिकवू नयेत."

शेवटापासूनच सुरू करतो, कारण तुमचाही सगळा जोर तिथेच लागलाय. कोण कुठे काय कमावतो याचा लेखात एक शब्दही नव्हता. ड्रॉवरला मालकाचा पगार कळत नाही. कारागिरांना शिकवायचा तर प्रश्नच नव्हता: ज्याच्या घरच्या गॅरेजमध्ये दोनशे-तीनशे हत्यारं आहेत आणि जो शनिवार-रविवारी ब्रेक पॅड नाहीतर ऑइल बदलतो त्याच्यासाठी हा लेख आहे, असं दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. तिथवर न पोचताच लोकांना प्रतिक्रिया सुचतात, त्याला माझा इलाज नाही. अधिकाराचंच विचारत असाल तर डिप्लोमानंतर भोसरीच्या शीटमेटल शॉपमध्ये प्रेस ब्रेक (पत्रा दुमडायचं यंत्र) आणि स्पॉट वेल्डवर (पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणं), मग इथे न्यू जर्सीत इनस्पेक्शनमध्ये आयुष्य गेलंय. एवढं पुरे. पत्रा मला जाहिरातीत भेटलेला नाही.

टॅक्सचं मात्र मान्य. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे अडीचशे डॉलरच्या ट्रॉलीवर साडेसोळा डॉलर जास्त. ओरेगॉनमध्ये राहणाऱ्यांना शून्य. पण तोच कर स्नॅप-ऑनच्या दहा हजार डॉलरच्या पेटीलाही लागतो आणि तिथे तो ६६२ डॉलर होतो. तेवढ्यात दोन ट्रॉल्या येऊन वर सॉकेटचा सेट निघेल. मुद्दा तुमचा, हिशेब माझ्या बाजूचा.

आता पत्रा. "१८ गेजपेक्षा पातळ म्हणजे खोकं" हे तुमचं वाक्य दुकानात, यूट्यूबवर, सगळीकडे ऐकू येतं, म्हणून त्यावर जरा वेळ घालवतो.

अमेरिकेतल्या साध्या पोलादी पत्र्याचं १८ गेज म्हणजे १.२१ मि.मी., २० गेज म्हणजे ०.९१, २२ गेज ०.७६. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेजचा तक्ता, चालतो. त्यात १८ आणि २० जवळपास तेवढेच, पण २२ गेज ०.७१ भरतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा तक्ता आणखी वेगळा. म्हणजे नुसता 'गेज' सांगून भांडणाऱ्या दोघांच्या हातात दोन वेगळे पत्रे असू शकतात. त्यात पावडर कोटिंग एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन. २० गेजच्या रंगवलेल्या पत्र्याला मायक्रोमीटर लावला की तो १.०३ ते १.०७ दाखवतो आणि विकणारा खुशाल '१८ गेजच्या जवळपास' म्हणतो. मोजायचंच असेल तर ड्रॉवर काढून आतली एखादी न दिसणारी कड घ्या, दोन्ही बाजूंचा रंग खरवडा आणि मग मोजा. शिवाय डब्यावर छापलेला गेज बहुतेक वेळा सांगाड्याचा असतो. ड्रॉवरचा तळ त्याहून पातळ असतो, आणि हे महागड्या पेट्यांतही दिसतं.

पण जाडी हा पेटीच्या ताकदीचा अर्धाच हिशेब आहे. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे ०.९१ वरून १.२१ वर गेलात की साधारण २.३५ पट. ऐकायला भारी वाटतं. आता तोच ०.९१ चा १०० मि.मी. रुंदीचा पट्टा घ्या आणि त्याची एक कड फक्त १५ मि.मी. काटकोनात दुमडा. त्या दुमडीच्या लांबीत वाकायला होणारा विरोध साधारण दीडशे पट होतो. विश्वास नसेल तर जडत्वाचं आघूर्ण काढून बघा, आयटीआयच्या वहीत सूत्र सापडेल. जाड पण सपाट बाजूंची पेटी आणि पातळ पण कडा दोनदा दुमडलेली, कोपऱ्यात पट्ट्या वेल्ड केलेली पेटी यांत मी डोळे झाकून दुसरी घेईन. त्यामुळे दुकानात बाजूवर टिचकी मारून आवाज ऐकण्यापेक्षा सगळ्यात वरचा ड्रॉवर काढून आत हात घाला. कड नुसती कापून सोडलीय की दुमडलीय, उभ्या पट्ट्यांना स्पॉट वेल्ड किती अंतरावर आहेत, चाकं बसतात तिथे तळाला वेगळी पट्टी आहे की पत्र्यालाच भोकं पाडून बोल्ट मारलेत, हे हाताला कळतं. स्वस्त पेटी पहिल्यांदा फाटते ती या चाकांच्या पट्टीपाशी. बाजूचा पत्रा कधी फाटलेला दिसत नाही.

जाडी खरोखर लागते ती ड्रॉवरच्या तळाला. ३० इंची ट्रॉलीत तळ मधोमध सपाट असतो, तिथे दुमड नाही, आणि लोक तिथेच सॉकेटचे ट्रे रचतात. तळ खाली झुकतो, खालच्या ड्रॉवरच्या कडेला घासतो, मग 'पातळ पत्रा, भंगार पेटी' अशी बोंब. इलाज पाच डॉलरचा: ६ मि.मी. प्लायवूड ड्रॉवरच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी ३ मि.मी. कमी कापा, तळावर टाका, वर रबरी लायनर. एका ड्रॉवरमागे किलोभर वजन वाढतं, भार चारही कडांना वाटला जातो. स्पंजासारखा फोमचा लायनर घेऊ नका. तो ओल धरून ठेवतो आणि दमट उन्हाळ्यात पान्यांच्या खालच्या बाजूला गंजाची नक्षी उमटते.

दोन वर्षांत जे बिघडतं ते बहुतेक वेळा पत्र्याचं नसतं, स्लाइडचं असतं, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर आत-बाहेर सरकतो त्या बेअरिंगच्या गोळ्यांच्या पट्ट्यांचं. 'ड्रॉवरला १०० पाउंड' असं लिहिलेलं असतं तेव्हा तो भार स्लाइडच्या जोडीसाठी आणि ड्रॉवरभर सारखा पसरलेला धरतात. सगळी वजनदार हत्यारं पुढच्या सहा इंचांत ठेवलीत की ड्रॉवर उघडल्यावर पुढच्या काही गोळ्यांवर सगळं येतं. मग गोळ्यांची पट्टी सरकते, ड्रॉवर इंचभर आधीच अडतो आणि माणूस हिसका देतो. हिसका द्यायचा नाही. ड्रॉवर पूर्ण आत ढकलून शेवटी एक ठाम दाब द्या, पट्टी बहुधा जागेवर येते. नाहीच आली तर ड्रॉवर बाहेर काढा: दोन्ही बाजूंचे खटके एकाच वेळी दाबायचे, एक वर आणि दुसरा खाली, कारण एकच भाग दोन्हीकडे उलटा बसवलेला असतो. मिनरल स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने जुनं ग्रीस पुसा, नवं ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच लावा. नुसतं डब्ल्यूडी-४० मारलंत तर होतं तेही ग्रीस धुऊन जाईल. आणि परत घालताना आधी गोळ्यांच्या दोन्ही पट्ट्या ओढून पार पुढे आणा, मगच ड्रॉवरची पट्टी त्यात सरकवा. हे विसरलं की पट्टी चेपते, गोळ्या फरशीवर घरंगळतात आणि त्यानंतर स्लाइड बदलण्याशिवाय मार्ग नाही.

दुसरं म्हणजे फरशी. इथल्या गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते, पाणी बाहेर जावं म्हणून. फुटाला १/८ इंच उतार धरला तर ४४ इंची कॅबिनेटच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साडेअकरा मि.मी.चा फरक पडतो. त्यात फरशी कुठे उंच, कुठे खोलगट असली की एक चाक अधांतरी राहतं, सांगाडा पिळला जातो, डाव्या-उजव्या स्लाइड समांतर राहत नाहीत आणि ड्रॉवर जड चालतो. नवी पेटी जागेवर उभी केल्यावर समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ३ मि.मी.हून जास्त फरक दिसला तर सखल चाकाखाली पोलादी पाचर द्या आणि परत मोजा. पुष्कळशी 'बेकार क्वालिटी' या एका पाचरीने सुधारते.

चाकांचा भार चारने भागू नका, तीनने भागा, कारण वाकड्या फरशीवर एक चाक नेहमीच फुकट जातं. ६० किलोची ट्रॉली आणि २०० किलो हत्यारं धरली तर एका चाकावर ८७ किलो, म्हणजे १९० पाउंड येतात. चाक २५० पाउंडांचं असेल तर चिंता नाही. बोल्ट पेटी रिकामी असताना आवळा आणि हत्यारं भरून आठवडाभर वापरल्यावर पुन्हा एकदा आवळा. कडक प्लास्टिकच्या चाकांपेक्षा पॉलियुरेथेनची घ्या, फरशीच्या सांध्यावरून जाताना फरक कळतो.

तुमच्या बाजूने बोलता येईल असा एक मुद्दा होता, तो तुम्ही मांडलाच नाहीत, म्हणून मीच मांडतो. जड पेटी सहजासहजी उलटत नाही. हलक्या ट्रॉलीचा हिशेब बघा: रिकामं वजन ६० किलो, गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या रेषेमागे ८ इंचांवर, म्हणजे पेटीला धरून ठेवणारं आघूर्ण (वजन गुणिले अंतर) ६० गुणिले ८, ४८०. वीस किलोचा एक ड्रॉवर पूर्ण उघडला की त्याचा मध्य त्या रेषेपुढे साधारण १० इंच जातो, म्हणजे २००. दोन उघडे, ४००, पेटी उभी. तिसरा उघडलात की ६०० आणि पेटी तुमच्या अंगावर, जर बाकीचे ड्रॉवर रिकामे असतील तर. म्हणून हातोडे, ब्रेकर बार, इम्पॅक्ट असलं सगळं तळच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि तो बंद राहू द्या; बंद असताना तेच वजन पेटीला मागे धरून ठेवतं. घरात लहान मुलं असतील तर कुलूप लावायची सवय ठेवा. मुलं ड्रॉवरचा जिना करतात.

स्नॅप-ऑनशी तुलना तुम्ही केलीत, मी केली नव्हती. पण केलीच आहे तर पुरी करू. १९२० पासूनची विस्कॉन्सिनची ही कंपनी पेटीबरोबर एक माणूस विकते: दर आठवड्याला गॅरेजच्या दारात ट्रक घेऊन येणारा, हप्त्यावर माल देणारा, स्लाइड तुटली तर तिथल्या तिथे बघणारा. जो मेकॅनिक कामाच्या नगावर पैसे मिळवतो आणि दिवसातून शेकडो वेळा ड्रॉवर उघडतो, त्याची पेटी तासभर अडली तर त्याचा तास बुडतो. त्याला ते पैसे परवडतात. शनिवारच्या माणसाला तो ट्रक कधी दिसणारही नाही, मग त्याने त्याचे पैसे का भरावेत? याचं उत्तर तुमच्या एकवीस ओळींत नाही. दात कोरण्याचा उल्लेख मात्र दोनदा आहे.

'चायना माल'बद्दल काही बोलत नाही. वेल्ड बघा, शिक्का नको.

आणि दुकानाचं सगळंच घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. हार्बर फ्रेटने २०२० मध्ये 'पिट्सबर्ग' जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी ज्यांवर टेकवतात ते आधार, परत मागवले होते, आणि बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डमध्येही दोष निघाला. ज्याच्याखाली माणूस झोपतो त्या वस्तूत मी पैसे वाचवायला सांगणार नाही. टूल ट्रॉली ही हत्यारं ठेवायची पेटी आहे, तिचे निकष वेगळे. एवढा भेद तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला सांगावा लागतो, याचं नवल वाटतं.

तुमची दुसरी प्रतिक्रिया, जिच्यात लेखाखाली प्रश्न विचारणाऱ्या एका ताईंना तुम्ही "आधी पाना धरायला शिका" म्हणालात, ती मी काढून टाकली आहे. त्यांचा प्रश्न तुमच्या सगळ्या लिखाणापेक्षा नेमका होता: ट्रॉलीच्या खालच्या ड्रॉवरला उजवीकडे आवाज येतो, स्लाइड बदलावी का? ताई, आधी ड्रॉवर काढून दोन्ही बाजूंच्या स्लाइड एकाच उंचीच्या खाचेत अडकल्यात का ते बघा. कारखान्यातून एखादी स्लाइड एक खाच खाली बसून येते. तशी असेल तर खटका दाबून वर घ्या, बदलायची गरज पडणार नाही. सरळ असूनही आवाज आला तर गोळ्यांच्या पट्टीत एखादी गोळी कमी आहे का मोजा, दोन्ही बाजूंची संख्या सारखी हवी.

जुना फिटर, तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. पेटीचा मॉडेल नंबर, ड्रॉवरची रुंदी, नेमकं काय तुटलं आणि त्यात किती वजन होतं, एवढं असेल तर छापीन.