‘सगळं एकदम अपग्रेड करा’ म्हणणाऱ्या कमांडचा समाचार

सांगली-मिरजेच्या विद्यार्थ्यांत फिरणारा सल्ला असा: ‘लिनक्सवर पायथॉन अडला की सगळी जुनी पॅकेजेस सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन) अपग्रेड करा. एरर आलीच तर ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा पर्याय जोडा.’

‘जुनं म्हणजे बिघडलेलं.’ नाही. ‘पिप लिस्ट --आउटडेटेड’ (टाइप अर्थात रोमनमध्ये) फक्त पायपीआय या पायथॉनच्या पॅकेज-भांडारातला आवृत्तीचा आकडा बघतं. डेबियन, उबुंटू ही लिनक्स वितरणं बऱ्याचदा आवृत्ती तीच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यातच घालतात. त्या पिपला दिसत नाहीत. उलट, यादी कोरी आली म्हणजे सगळं ताजं, असंही नाही. उबुंटू २०.०४ च्या पायथॉन ३.८ वर नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) १.२४.४ च्या पुढे जातच नाही, म्हणून पिप गप्प बसतं. तिथे जुना आहे तो पायथॉन.

‘एररला वळसा घाला.’ इथेच घोळ होतो. डेबियन १२ पासून (२०२३) दिसणारी ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ ही एरर सांगते की हे आवार एपीटीचं, म्हणजे सिस्टमची पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाचं, आहे. सुडोने घुसवलेलं पॅकेज ‘यूएसआर/लोकल’खाली बसतं आणि इम्पोर्ट करताना एपीटीच्या प्रतीआधी तेच सापडतं. जुन्या आवृत्तीवर बेतलेली सिस्टमची साधनं मग कोसळतात. एपीटी मात्र सगळं ठीक म्हणतं, कारण त्याच्या वहीत ही प्रत नाहीच. म्हणून आधी ‘पायथॉन३ -एम पिप शो’पुढे पॅकेजचं नाव देऊन लोकेशनची ओळ वाचा. ‘यूएसआर/लिब/पायथॉन३/डिस्ट-पॅकेजेस’ दिसलं तर ते एपीटीचं, पिपने हात लावू नये.

‘एकेक करून केलं तर चालतं.’ एकेकानेच जास्त बिघडतं. प्रत्येक वेळी पिप हातातल्या पॅकेजपुरतंच जुळवतं, आधीच्यांच्या अटी मोडतात. शेवटी ‘पिप चेक’ (अटी जुळतात का बघणारी कमांड) चालवा, पण त्यावर विसंबू नका: जून २०२४ मध्ये नमपाय २.० आल्यावर १.एक्सवर कंपाइल केलेली मॉड्यूल्स इम्पोर्टलाच पडू लागली. पॅकेजने नमपायच्या आवृत्तीची वरची मर्यादा लिहिलेली नसेल तर ‘पिप चेक’ला हे कळत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) असायची, तसं प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं पेव द्या. एपीटीने ‘पायथॉन३-व्हेन्व्ह’ टाका, ‘पायथॉन३ -एम व्हेन्व्ह’ने प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथॉनचं फोल्डर करा, अपग्रेड त्यातच.

कमांड आधीच चालवून बसला असाल तर ‘पिप लिस्ट -व्ही’मध्ये ‘यूएसआर/लोकल’वाली पॅकेजेस शोधून सुडोने अनइन्स्टॉल करा. तेवढ्यापुरता तो ‘ब्रेक’वाला पर्याय लागतो. ती गेली की एपीटीची जुनी प्रत पुन्हा पुढे येते.