‘पैसे घेऊनही पिल्लू दिलं नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

ॲडव्हान्स घेतला, जर्मन शेफर्ड कुत्र्याचं ४५ दिवसांचं पिल्लू मागितलं तर दिलं नाही, आणि सोलापूरहून मुलाला घेऊन आल्यावर तासभर प्रश्न विचारून रिकाम्या हातांनी परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. ते खरं आहे. तुमचा मुलगा गाडीत बसताना रडत होता, तेही मी पाहिलं. जे समोर बसवून विचारलं ते पैसे घेण्याआधी फोनवरच विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, मनापासून माफी मागतो. तुमचे पैसे त्याच दिवशी परत केले होते. आता घरच्यांशी सविस्तर बोलणं झाल्याशिवाय आम्ही कुणाकडून एक रुपयाही घेत नाही.

४५ दिवसांचं पिल्लू मात्र मी देणार नाही. बाजारात सर्रास देतात, माहीत आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम नसता तरी दिलं नसतं. याच दिवसांत पिल्लं एकमेकांचे कान धरून ओढतात, एक केकाटतं, दुसरं सोडतं. किती जोरात चावलं की दुखतं, हे त्यांना भावंडांतच कळतं. तिथं नाही कळलं तर ते तुमच्या मुलाच्या हातावर शिकतं.

आता प्रश्नांचं. चौथा मजला, लिफ्ट नाही, तुम्ही दोघं ९ ते ७ बाहेर, घरी गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. हे तुम्हीच लिहिलंय म्हणून इथे बोलतो. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळूच नये असं मी म्हणत नाही. पण जर्मन शेफर्ड ही मेंढरं राखणारी जात, दिवसभर कळपाभोवती फिरत राहणारी. वर्ष-दीड वर्षात नर ३०-३५ किलोंचा होतो. समोर मांजर दिसून त्याने साखळीला हिसका दिला, तर सासूबाईंनी काय करायचं? त्याआधी लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चारेक महिन्यांचं होईस्तोवर, पिल्लू रस्त्यावर नेता येत नाही. शी-शूसाठी दर दोन तासांनी कुणीतरी उठावं लागतं. मग दात बदलायला लागले की चपला, सोफा, काहीही चावतं. हाडं भरेपर्यंत रोज चार मजले चढउतार आणि गुळगुळीत फरशीवर घसरणं सांध्यांना वाईट. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे तुम्हाला दाखवले होते. पण चांगले खुबेही वाढीच्या वयात बिघडू शकतात, आणि लवकर मोठं व्हावं म्हणून कुणी मनानेच कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या तर आणखीच. केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदावर वंशावळ असते, यातलं काहीच नसतं.

मी एवढं का विचारतो, तेही सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडूनच गेलेला एक नर नऊ महिन्यांचा होऊन परत आला. माणसं प्रेमळ होती, त्यांना वेळ नव्हता. कुत्रा दिवसभर बाल्कनीत. आमच्या आवारात मोकळा सोडला तर चार पावलं जायचा आणि वळायचा. पुन्हा चार पावलं, पुन्हा वळायचा. समोर भिंत नव्हती, सगळं मैदान मोकळं होतं. बाल्कनी तेवढीच होती, ताई. सरळ पळायला त्याला तीन आठवडे लागले. त्या घरच्यांना मी काहीच विचारलं नव्हतं. पैसे मोजले आणि पिल्लू हातात दिलं.

तुम्हाला कुत्रा हवाय आणि तुमच्या मुलाचा जीव कुत्र्यांत आहे, हे मला दिसलं. शांत स्वभावाचा, वाढ पूर्ण झालेला कुत्रा तुमच्या घराला जास्त बरा, असं माझं मत आहे. ते पटत नसेल, जर्मन शेफर्डच हवा असेल, तर एखाद्या रविवारी सकाळी ६ वाजता सगळे या. तो नर अजून आमच्याकडेच आहे. त्याची साखळी तासभर तुम्ही दोघांनी आळीपाळीने धरा, मग आपण बोलू.