खुलासा: ३३३३३३३३१ ही मूळ संख्या नाही
३१, ३३१, ३३३१... असे आधी कितीही ३ लावत गेलात तरी मूळ संख्याच मिळते, असा मेसेज सध्या फिरतोय. सात ३ आणि शेवटी १, म्हणजे ३३३३३३३१ पर्यंत हे खरं आहे. तिथवरच तपासणारा फसणारच. पुढच्याच पायरीवर गाडी अडते: ३३३३३३३३१ = १७ × १९६०७८४३. गुणून बघा, कागद-पेन्सिल पुरे.

बरं, हा एकुलता एक अपवादही नाही. पंधरा वेळा ३ लिहून होणाऱ्या संख्येला ३१ ने निःशेष भाग जातो. तिच्यापुढे ३१ लिहा. झाली सोळा ३ आणि १ ची संख्या, आणि तिलाही ३१ ने भाग जाणारच! आणखी पंधरा ३ लावा, पुन्हा तेच. असे अपवाद अगणित आहेत.